मागच्या पानांवरचा हिशेब

जुन्या रजिस्टरची मागची पानं कोरी राहिली होती,
स्तनदा मातांच्या रकान्यांत त्या वर्षी नावं कमी पडली.
तिथं मी माझं खाणं लिहायला लागले.

चहा, साखर अर्धा चमचा: तीस.
भाकर एक, ज्वारीची, माझ्या हातची, म्हणजे मोठीच: दीडशे.
वांग्याची भाजी. तेल?
तेलाला पहिल्यांदा चमचा लावला
तेव्हा सासू म्हणाली,
काहून वं, रेशनचं आहे का ते, मोजून राह्यली?

पोरानं फोनमध्ये ॲप टाकून दिलं.
त्याला पिझ्झा ठाऊक आहे, पाटवडीचा रस्सा नाही.
रोडगा लिहिला तर विचारतं,
तुम्हाला रोड म्हणायचं आहे का?
काढून टाकलं.
वीस वर्षं कॅलरी मोजतेच आहे मी,
पाकिटावर छापलेल्या, दुसऱ्यांच्या पोरांच्या,
वाढवायच्या.
कमी कशा करायच्या, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

डॉक्टरनं गुडघा दाबला, काट्याकडं बघितलं.
ब्याऐंशी. दहा उतरवा, म्हणाले, मग गोळीचं बोलू.

पहाटे साडेचारला निघते.
मे महिन्यात आठलाच डांबर चपलेला धरतं.
गावापासून कॅनॉलच्या पुलापर्यंत, पुलापासून परत,
पावणेचार हजार पावलं.
पहिल्या आठवड्यात चौघांनी गाडी थांबवली.
बसा ना मॅडम, सोडून देतो.
कुठंच जायचं नाही हो मला.
तरी गाडी सुरू ठेवून उभे राहिले बिचारे.
कुठंच न जाणाऱ्या बाईला सोडायचं तरी कुठं?

तिसऱ्या महिन्यात बांगड्या मनगटावरून घसरल्या
आणि विचारपूस सुरू झाली.
साखर निघाली का? घरी काही झालं का?
आमच्याकडं बाई वाळते ती या दोनच कारणांनी,
आणि दोन्हींत शेजारीण डबा घेऊन येते.
आला.
सांबारवडी, तळलेली, सहा.
रात्री रजिस्टरात लिहिलं: चार.
मग खोडून: सहा.

पाच तारखेला वजनाचा दिवस.
टांगत्या काट्याला झोळी, झोळीत पोडावरची रितिका आत्राम,
पाय झाडते, काटा थरथरतो.
आठ किलो तीनशे.
मागच्या महिन्यातही आठ तीनशेच होती.
तिच्या आईला सांगते, पाच वेळा भरव थोडं थोडं,
वरून चमचाभर तेल.
चमचाभर तेल म्हणताना
जीभ जराशी अडखळते.
ती माझ्याकडं बघत राहते.
तुमी तं अर्ध्या झाल्या मॅडम, जेवत जा.
काळजी खरी आहे तिची.
ताटात असूनही मी वाढून घेत नाही,
हे कसं सांगायचं तिला,
मी झोळीची गाठ सोडत बसते.

सगळे गेल्यावर दार लोटून
गरोदर बायांच्या काट्यावर उभी राहते.
चपला काढते. एकदा तर घड्याळही काढून ठेवलं.
मध्ये पुतण्याच्या लग्नात दीड किलो परत आला होता,
बुंदीनं, मठ्ठ्यानं, आणि आग्रहानं.
आग्रहाचा आकडा कुठंच छापलेला नसतो.
आज चौऱ्याहत्तर सहाशे.

पुढल्या पाच तारखेला रितिका आठ पाचशे भरली.
मी चौऱ्याहत्तर चारशे.
तिचे दोनशे, माझे दोनशे.
यात काही अर्थ नाही, मला ठाऊक आहे,
माझं उतरलेलं कुणाच्या अंगी लागत नाही,
काट्याला तसला हिशेब येत नाही.
तरी एकाच पानावर लिहिलं.
मग मदतनीस द्रौपदा झाडू घेऊन आली
आणि मी पान उलटलं.

आता गाड्या थांबत नाहीत.
एक हॉर्न देतात, मी हात करते.
उद्या पुलाच्या पुढं, पहिल्या बाभळीपर्यंत जाऊन बघीन.
गुडघा काय म्हणतो ते तिथंच कळेल.